उतरण्याआधी दिवा

नाशिक
२ मे १९७८

चि. विशाखास आजीचा जयभीम.

विसराळू बाई, तू काय काय विसरून गेलीस ते सांगता सांगता मी दमले आणि लिहिता लिहिता मास्तर दमले. टॉवेल, फणी, पायमोजे, आणि "आजी, रोज एक टाकीन" म्हणून आणलेली दहा पोस्टकार्डं. तीही कोनाड्यात जशीच्या तशी. एसटीत बसायचं मात्र बरं आठवलं.

मी बोलते आणि शेजारचे निवृत्ती मास्तर लिहितात, हे तुला ठाऊक आहेच. पण नोकरीतनं निवृत्त झाले तरी त्यांची मास्तरकी जात नाही. माझे टोमणे गाळतात. म्हणून हल्ली प्रत्येक पत्र परत वाचून घेते.

तुझ्या बापाचं सटाण्याहून पत्र आलं. सोळा वर्षांच्या पोरीला पेठच्या डोंगरात महिनाभर पाठवायची म्हाताऱ्या बाईला काय घाई झाली होती, असं विचारतो. कॉलेजच्या कागदावर अंगठा माझा आहे, तेव्हा उत्तरही माझंच. मी कळवलंय की घरात बसून पोरगी सिनेमाची गाणी पाठ करत होती, तिथे चार माणसांच्या उपयोगी तरी पडेल. आपल्याला शाळा मिळाली ती कुणीतरी आपलं घरदार सोडून राबलं म्हणून. तेवढं फेडायचं नाही तर शिकायचं कशाला?

तुझा सोमाकाका असाच होता. तू त्याला पाहिलं नाहीस, तुझ्या जन्माआधी चार वर्षं पटकीत गेला. वस्तीचं काही काम निघालं की हा सगळ्यांच्या पुढे. तुझे हात त्याच्यासारखे आहेत, रुंद. ते बांगड्या भरण्यापेक्षा दुसऱ्या कशाला तरी लागू देत.

पळून येऊ नकोस. काम काय दिलंय ते कळव.

तुझी आजी
शकुबाई


बोरमाळ, ता. पेठ
६ मे १९७८

प्रिय आजीस सविनय जयभीम.

पोस्टकार्डं मुद्दाम ठेवली. पोस्टकार्ड कुणीही वाचतं, म्हणून हे अंतर्देशीय. आणि एक वचन दे: माझी पत्रं फक्त मास्तरांकडून वाचून घे. सुमनबाईंकडून नको. मागच्या वेळी माझे गणिताचे मार्क त्यांनी एकदा वाचले आणि सगळ्या कॉलनीला पाठ झाले.

शिबिरात आम्ही वीस जण आहोत. सर पहिले तीन दिवस होते, मग परीक्षेच्या कामाला परत गेले. आता गोरक्ष प्रमुख आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सिडकोजवळ राहतो, घरी आई एकटी. तो स्वतः सगळ्यांत जास्त मातीच्या पाट्या उचलतो, म्हणून कुणी त्याच्याशी हुज्जत घालत नाही.

आजी, इथल्या बायका पाण्यासाठी दरीत उतरतात. ओढ्यात एक झिरा आहे, वाटी वाटी पाणी भरतं. भागीबाई नावाच्या बाईबरोबर मी एकदा गेले. एका हंड्याला अडीच तास. वर आल्यावर तिने त्यातलं तांब्याभर मलाच प्यायला दिलं. मी घोटभर घेऊन तांब्या तिला परत दिला.

आणि गावात विहीर आहे. बांधीव, चांगली. बारा वर्षांपूर्वी एक वासरू आत पडलं, त्याला काढायला उतरलेला माणूसही वर आला नाही, तेव्हापासून वर फळ्या टाकून त्यावर माती लोटलेली. आम्ही ती उघडून गाळ काढणार आहोत. गोरक्ष म्हणतो, बुद्धपौर्णिमेला पहिला हंडा भागीबाईने काढायचा. पौर्णिमा बावीसला आहे.

भागीबाईचा सासरा झिपरूबाबा तेवढा कुरकुर करतो. रोज येतो, विहिरीजवळ उकिडवा बसतो.

तुझी
विशाखा


नाशिक
१० मे १९७८

चि. विशाखास आजीचा जयभीम.

वचन दिलं. सुमनबाई दारात उभ्या राहून "पत्र आलं वाटतं" म्हणाल्या, मी म्हटलं विजेचं बिल आहे. आपल्या घरात वीज यायची आहे हे त्यांना नंतर आठवलं असेल.

तुझं पत्र मी मास्तरांना तीनदा वाचायला लावलं. ते म्हणाले, शकुबाई, पाठ करायचंय का? हो म्हटलं, परीक्षा आहे.

आता माझ्या प्रश्नांची उत्तरं नीट दे. ती विहीर किती हात खोल? फळ्या काढल्या का? काढल्यावर वास आला का? आत पारवे, वटवाघळं काही होतं का, आणि होतं तर जिवंत होतं का? पहिलं कोण उतरणार? तू नाहीस ना?

आणि कुणीही उतरण्याआधी आत दिवा सोडा. पणती एका टोपलीत ठेवायची, टोपली दोरीला बांधायची, आणि हळूहळू तळापर्यंत न्यायची. पेटता राहिला तर उतरायचं. विझला तर त्या दिवशी कुणी पाय घालायचा नाही. का ते विचारू नकोस. म्हातारं माणूस सांगतं म्हणून कर. एवढी एक गोष्ट ऐक, मग जन्मभर माझं काही ऐकू नकोस. तसंही ऐकत नाहीसच.

लगेच उत्तर पाठव. मी कोनाड्यातली पोस्टकार्डं मोजत बसले आहे. दहाच्या पुढे मला मोजता येत नाही, तेव्हा लवकर.

शकुबाई


बोरमाळ
१३ मे १९७८

प्रिय आजीस जयभीम.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं.

आजी, तू सुद्धा? देव नदीत सोडल्याची गोष्ट मला तूच सांगितलीस. गाठोडं बांधलं, कादवेवर गेलात, तू स्वतःच्या हाताने सोडलंस, मागे वळून बघितलं नाहीस. ती गोष्ट मी शिबिरात पहिल्याच रात्री सगळ्यांना सांगितली. आणि आता तू दिवा सोड म्हणतेस?

गंमत अशी की झिपरूबाबाचंही हेच. परवा तो पणती, हळदकुंकू आणि कोंबडीचं पिल्लू घेऊन आला. म्हणाला, "पाण्याची बाई हाय आत. तिला दिवा दाखवल्याबिगर नाय उतरायचं." गोरक्ष माझ्याकडे बघून म्हणाला, विशाखा, हे तू समजाव. मी समजावलं, आजी. तुझीच गोष्ट सांगून. पाण्यात बाई नसते, असला तर गाळ असतो. दिवा लावायचाच तर रात्री पोरांना अभ्यासाला लावा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झिपरूबाबाने पिल्लू काखेत धरलं आणि गेला. गोरक्षने वहीत लिहिलं, 'अंधश्रद्धा निर्मूलन: विशाखा'.

तुझे प्रश्न: अठ्ठावीस हात, असं गावातले सांगतात. फळ्या काल काढल्या. वास अजिबात नाही, तेव्हा काळजी नको. एक पारवा भिंतीच्या कोनाड्यात बसायला आत गेला, तो परत आलेला कुणी पाहिला नाही. दुसऱ्या बाजूने उडाला असेल.

तळ दिसत नव्हता म्हणून आमच्यातल्या बारकूने कंदील दोरीने आत सोडला. पंधरा हातांवर विझला. परत पेटवून सोडला, परत तिथेच विझला. बारकू म्हणाला, रॉकेलमध्ये पाणी मिसळतात हल्ली. तेव्हा झिपरूबाबा तिथेच बसला होता. तो उठून घरी गेला आणि जाड दोर घेऊन आला, तो विहिरीच्या कडेला ठेवून परत बसला. पोरं म्हणाली, बाबांचा रुसवा गेला.

गुरुवारी, अठराला, उतरायचं. पहिला गोरक्ष, दुसरी मी. मीच मागून घेतलंय. मुली फक्त पाट्या झेलणार का?

रागावू नकोस.

विशाखा


नाशिक
१९ मे १९७८

विशाखा,

आज टोमणा नाही. मास्तर, जसं बोलते तसं लिहा, एक शब्द गाळू नका.

तुझं पत्र पंधरा तारखेला आलं. मास्तर त्या सकाळीच लेकीकडे लासलगावला गेले होते. चार दिवस पत्र कोनाड्यात होतं. मी ते उघडून पाहिलं. उलटं धरलं की सुलटं, तेही मला कळलं नाही. सुमनबाई दोनदा दारात आल्या. तुला वचन दिलं होतं, म्हणून मी पत्र पदराखाली घेतलं. मास्तर आज दुपारी आले. कंदिलाचं वाचलं तसं मी त्यांना थांबवलं आणि तारघरात घेऊन गेले. तार केली आहे. गुरुवार काल झाला, हे मला वाटेत कळलं. तरी केली.

पत्र का लिहिते मग? माहीत नाही. तू वाचशील असं धरून लिहिते.

सोमा पटकीत गेला नाही.

निफाडजवळ आमच्या वस्तीची विहीर होती. गावच्या विहिरीला आम्हाला हात लावू देत नव्हते, म्हणून आमच्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या भावांनी खणलेली. दर वैशाखात तिचा गाळ काढायचा. उतरण्याआधी वस्तीतल्या थोरल्या बाईने आत दिवा सोडायचा. सासू होती तोवर तिचा मान, मग माझा. दिवा विझला की सासू म्हणायची, "आसरा जेवायला बसल्यात, आज उतरू नका." आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, तुझ्या झिपरूबाबाची ती बाई. मग दोन दिवस निंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून आत खालीवर खालीवर करायचा. आसरांना वारा घालायचा म्हणे. वरून पाणी शिंपडायचं. तिसऱ्या दिवशी दिवा टिकायचा, मग माणसं उतरायची. कधी कुणाला काही झालं नाही.

मग आपण दीक्षा घेतली. देव कादवेत सोडले. ती गोष्ट मी तुला सांगितली, पण निम्मीच सांगितली. पुढच्या वैशाखात गाळ काढायचा म्हणून सगळे विहिरीवर जमले. त्या वर्षी विहिरीचं तोंड बरेच दिवस झापांनी झाकलेलं होतं. पुंजाराम म्हणून आमचा एक दीर होता, त्याने विचारलं, "वहिनी, दिवा?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "कसल्या आसरा न् कसला दिवा. ते गाठोड्यात गेलं." लोक हसले. मला बरं वाटलं, विशाखा. तुला टाळ्या ऐकून वाटलं तसंच.

सोमा सतरा वर्षांचा. म्हणाला, "आई बरोबर बोलते," आणि धोतर खोचून पहिला उतरला. दहाएक हात गेला, मान वर करून माझ्याकडे बघितलं. काहीतरी विचारायचं असल्यासारखं. मग हात सुटला. आवाज फार मोठा आला नाही.

पुंजाराम त्याच्या मागे उतरायला निघाला, त्याला चौघांनी धरून ठेवलं, म्हणून एकच गेला.

पुढे निफाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, बंद विहिरीत जड हवा तळाला साचते. तिला वास नाही, रंग नाही. दिवा विझतो त्या हवेत माणूसही विझतो. सासूला डॉक्टरी येत नव्हती. तिला आसरा येत होत्या, त्यांच्या नावाने तिने वस्ती जगवली. मी आसरा टाकल्या ते बरोबर केलं. त्यांच्याबरोबर दिवा टाकला.

तुझा बाप तेव्हा नाशिकला बोर्डिंगात होता. मी दिवा नको म्हणाले, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीच सगळ्यांच्या पाया पडले, पटकी सांगा म्हणून. त्यानंतर एकवीस वर्षं मी कुणाच्या कामात हात घातला नाही. दार लावून बसले. मग तू मोठी झालीस आणि मला वाटलं, माझ्या वाटचं हिने करावं. तुला ढकललं, आणि जे सांगायचं ते कोनाड्यात ठेवलं.

उतरली नसशील तर उतरू नकोस.

आई होते त्याची. आजी आहे तुझी.

शकुबाई

(शकुबाईंनी सांगितलं ते सर्व लिहिलं. मी लासलगावला चार दिवस उगाच राहिलो. निवृत्ती)


बोरमाळ
२० मे १९७८

आजी,

तुझी तार आज सकाळी पेठहून माणूस घेऊन आला. 'दिवा विझला तर उतरू नका.' पाच शब्द. मी त्या माणसाला म्हटलं, उशीर झाला. तो म्हणाला, इथे सही करा.

परवा गोरक्ष उतरला. झिपरूबाबा पुढे झाला आणि न विचारता त्याच्या कमरेला दोर बांधायला लागला. गोरक्ष म्हणाला, बाबा, मला पोहता येतं. बाबा म्हणाला, "दिवा नको म्हनता, मंग ह्यो तरी ऱ्हाऊ द्या." गोरक्ष हसला आणि त्याने बांधू दिलं. उतरताना मला म्हणाला, दुसरा नंबर तुझा, पळू नकोस.

तो मोजत होता. मोठ्याने, आम्हाला ऐकू यावं म्हणून. बारा हात. तेरा. चौदा. मग थांबला. मला वाटलं चेष्टा करतोय. बारकू ओरडला, अरे पुढचा आकडा विसरलास काय. मग दोर ताठ झाला.

झिपरूबाबाने आणि सहा जणांनी ओढलं. बारकू खाली उडी टाकायला निघाला, भागीबाईने त्याला केसाला धरून खाली पाडलं. गोरक्ष वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे होते. श्वास होता. थोडा. तलाठ्याच्या जीपमधून नाशिकला नेला. सर तिथेच आले असतील.

गावातलं कुणी मला काही बोललं नाही. झिपरूबाबाने दोर गुंडाळून विहिरीच्या कडेला परत होता तिथे ठेवलाय. वही माझ्याकडे आहे. 'अंधश्रद्धा निर्मूलन: विशाखा' ते पान मी फाडलं नाही. फाडावं असं सारखं वाटतं.

पोरांचे पालक येऊन त्यांना नेताहेत. सात जण उरलो. बायका परत दरीत उतरायला लागल्या. काल भागीबाई तिथे घसरली, हंडा गेला, गुडघा फुटला.

मला घरी यायचंय. सटाण्याला दादांना तसं कळवलंय. मी आता कधी कुठे जाणार नाही, तू म्हणशील त्या घरात बसेन.

तुला कसं माहीत होतं?

वि.


नाशिक
२६ मे १९७८

चि. विशाखास आजीचा जयभीम.

एकोणीसचं माझं पत्र तुला मिळालं असेल. तेव्हा कसं माहीत होतं, हे आता परत सांगत नाही. मास्तरांनाही ते दोनदा लिहवणार नाही.

गोरक्ष जिवंत आहे. रविवारी डोळे उघडले. मी रोज दुपारी दवाखान्यात जाते. एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणाकडे न बोलावता गेले. शिपाई म्हणाला, आजी, कोण लागतो तुमचा? मी म्हटलं, ते अजून ठरायचंय.

खोटा धीर देत नाही. तो बघतो, पण कुणाकडे बघतो ते कळत नाही. मध्येच मोजायला लागतो. बारा, तेरा, चौदा, आणि थांबतो. त्याची आई वत्सलाबाई शेजारी बसून पंधरा म्हणते, रोज म्हणते. तो पुढचं म्हणत नाही. डॉक्टर म्हणतात, महिना जाईल, कदाचित वर्ष, कदाचित एवढंच.

दिवा नको कोण म्हणालं, ते मी वत्सलाबाईंना सांगितलेलं नाही. ते तुझं काम आहे. स्वतः, तिच्यासमोर बसून. ती काय करेल ते मला माहीत नाही. मी ती वाट टाळली आणि ती फिरून तुझ्या पायाखाली आली, एवढंच माहीत आहे. तुझ्या बापाला मात्र मी सांगितलं. मंगळवारी तो तुला आणायला निघाला होता, वाटेत इथे उतरला. सगळं ऐकून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. तीन दिवस झाले, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो. पण बोरमाळला गेलेला नाही, हेही लक्षात घे.

म्हणून आता माझं ऐक. घरी येऊ नकोस.

मी त्या दिवशी घरी आले आणि दार लावलं. वस्तीने ती विहीर बुजवली, आणि पुढली नऊ वर्षं आमच्या बायका दुसऱ्यांच्या विहिरीच्या पायऱ्यांवर ओंजळ पसरून उभ्या राहिल्या. सोमा गेला त्याचं मला कळत होतं. त्या ओंजळींचं कळलं नाही. तू भागीबाईला गुडघा बांधून दरीत पाठवणार असशील, तर ये.

नाहीतर आधी झिपरूबाबांकडे जा. पायावर डोकं ठेव, आपल्यात ठेवत नाहीत तरी ठेव. त्यांना म्हण, पणती तुमच्या हाताने सोडा. ते बाईचं नाव घेतील, घेऊ दे, तू घेऊ नकोस. दिवा मात्र दोघांचा एकच. विझला की निंबाच्या डहाळ्या बांधा आणि खालीवर करा, हात भरून येईपर्यंत, दोन दिवस, चार दिवस. सलग तीन दिवस सकाळी दिवा तळाला टिकला तरच माणूस उतरेल, आणि कमरेला दोर बांधूनच. पहिली तू नाहीस. पहिलं कोण ते बाबा ठरवतील. पाऊस मृगाला येतो असं धरलं तर बारा दिवस आहेत. सात जण पुरतात.

वहीतलं ते पान फाडू नकोस. त्याच्याखाली पुढचं लिही.

पत्र आता सुमनबाईंनी वाचलं तरी चालेल. खरं सांगायचं तर हे त्यांनीच लिहिलंय. मास्तर म्हणाले, हे पत्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या.

आणि हे विसरू नकोस, तुझी विसरायची सवय मला माहीत आहे: सर तिकडे येऊन जातील, परतताना त्यांच्याबरोबर दोन शेर नागली पाठव. लाल, जुनी. दळू नकोस, मोड आणून सत्त्व मी इथे काढीन. गूळ घालू नकोस, गोड गोरक्षला गिळवत नाही. आणि नागली भागीबाईच्या घरचीच आण, मागून आण. चमच्याने पेज भरवताना ही कुठली, ते मला त्याच्या कानात सांगायचंय.

शकुबाई